नानांना न सापडलेली गळती

आमच्या पोलादपुरात गाडी दुरुस्त करून घ्यायची असेल, तर आधी स्वतः गाडी व्हावं लागतं. "गाडी वाजते" एवढ्यावर नाना मिस्त्री बॉनेटला हात लावत नाहीत. हातातलं फडकं खांद्यावर टाकतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "वाजते ते कळलं. कशी वाजते ते वाजवून दाखवा."

मग भर रस्त्यावर, महाबळेश्वरला निघालेल्या पर्यटकांच्या साक्षीने, माणसं वाजवून दाखवतात. मी एका तलाठ्याला 'खडखडखड' करताना पाहिलंय. कोर्टात ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही असे आमचे एक वकील नानांसमोर असे काही घुमले, की समोरचा किराणावाला दुकान उघडं टाकून बघायला आला.

माझी पाळी येणारच होती. मी इथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. नानांचं घर आणि गॅरेज एकाच आवारात, त्याला लागून आमचं घर, मधे कमरेएवढी भिंत. थोरल्या दिरांनी नवी गाडी घेतली आणि आपली बारा वर्षांची टर्बो डिझेल "घरातच राहू दे" म्हणत आमच्या गळ्यात बांधली. पंधरा दिवसांत ती चढावर शीळ घालायला लागली.

"बाई, काढा आवाज," नाना म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. नववी 'ब'ची तीन मुलं वडापावच्या गाडीपाशी उभी होती. मी हळूच 'कुईं' केलं.

"कुईं का सुईं?"

"काय फरक आहे?"

"कुईं असल तर पट्टा. सुईं असल तर टर्बोचा हवेचा पाईप सैल. मोठ्यानं काढा, लाजू नका. डॉक्टरला जीभ दाखवता का नाय?"

मी 'सुईं' केलं. नानांनी पाईप आवळला, शीळ गेली. नववी 'ब'च्या वर्गात मात्र मी फळ्याकडे वळले की ती ऐकू यायची. ती मुलं दहावी पास होऊन गेली तेव्हा कुठे शांतता झाली.

टर्बो हा नानांचा खास विषय. इंजिनाच्या धुरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, एवढं मलाही ठाऊक आहे, मी ते शिकवते. पण नाना त्याच्याबद्दल घरातल्या तापट माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. "लांबून आला ना, की लगेच बंद नाय करायचा. दोन मिनिटं जागेवर चालू ठेवायचा. घाम पुसू द्यायचा त्याला." गाडीची परीक्षा ते आंबेनळी घाटात घेतात. खिडकीतून कान बाहेर काढून बसतात आणि मालकाला चालवायला लावतात. "सपाटीवर सगळेच गुणी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं म्हणजे, "गाडी खोटं बोलत नाय. बोलतो तो मालक."

एका लग्नात तर त्यांनी कहर केला. वरात निघायची वेळ. फुलांनी मढवलेल्या गाडीत नवरदेव, पुढे बँड जोरात. नाना एकदम गर्दीतून पुढे झाले आणि बँडवाल्यांना म्हणाले, "जरा थांबा रे. ऐकू येत नाय."

बँड थांबला. वरपिता तापले. "काय ऐकू येत नाय?"

"गाडी. आतून फुसकते कायतरी." नाना खिडकीशी वाकले. "नवरदेव, येताना कसं वाजत होतं?"

मुंडावळ्या बांधलेला तो बिचारा पोरगा सासऱ्यासमोर गाल फुगवून म्हणाला, "फुस्स... फुस्स."

"बघा. पाईप फाटलाय. ही घाट चढायची नाय." वरपित्यांनी त्यांना बाजूला सारलं, बँड पुन्हा सुरू झाला. तासाभराने नवरानवरी घाटाच्या दुसऱ्या वळणावर काळ्या धुरात उभी होती. पाईप बदलायला अर्थात नानाच गेले, तेही खिशात लग्नातला लाडू घेऊन.

आवाजासाठी जसं तोंड, तसा गळतीसाठी पुठ्ठा. गाडी रात्रभर उभी करायची, खाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवायचा. सकाळी नाना त्यावरचे डाग बघतात, बोटाला लावून चोळतात, वास घेतात. लाल असेल तर एक आजार, काळं असेल तर दुसरा. नुसतं पाणी असलं तर म्हणतात, "एसीचं हाय. घरी जा, झोपा."

गेल्या वर्षी माझी गाडी गळायला लागली. नानांनी सकाळी पुठ्ठा काढला, एक नजर टाकली. "टर्बोचं परतीचं तेल. पाईपच्या खालच्या तोंडाचं पॅकिंग गेलंय." पहिल्या तासाची घंटा व्हायच्या आत नवं पॅकिंग बसलं, मी शाळेत पोचले.

तसा नानांच्या हातून एकच आजार सुटला होता आणि तो गावभर माहीत होता. त्यांच्या मुलीच्या गाडीचा.

मुक्ता पुण्याला असते, मोठ्या ऑफिसात आहे. लग्नानंतर नानांनीच तिला एक जुनी टर्बो डिझेल निवडून दिली. आई गेली की माहेर संपतं म्हणतात. मुक्ताची आई गेली आणि मागे उरले नाना, ज्यांना इंजिनाखेरीज दुसरं काही बोलता येत नाही. फोनवर ते फक्त विचारायचे, "तेल बघितलंस?" पण तिची गाडी गळायला लागली आणि ती दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वरंध घाटातून यायला लागली. आदल्या दिवशी गॅरेज झाडलं जायचं, कोलंबी यायची. ती गावाबाहेरच्या पुलापाशी असतानाच नाना भिंतीपलीकडून सांगायचे, "आली. तिसऱ्या गिअरवर हाय." रात्री गाडीखाली पुठ्ठा. सकाळी दोन थेंब. "काय कळत नाय गो. पुढच्या महिन्यात परत बघू." असं तीन वर्षं.

माझं पॅकिंग बदललं त्याच आठवड्यात मुक्ता येऊन गेली. दोघींचे पुठ्ठे भिंतीला टेकवून ठेवले होते. विज्ञानाच्या बाईची खोड, मी ते शेजारी शेजारी धरले. जागा तीच, रंग तोच, डागही तेवढाच.

"नाना," मी म्हटलं, "माझी सकाळी सापडली. हिची तीन वर्षं सापडत नाही?"

नानांनी माझ्या हातातले पुठ्ठे घेतले आणि उलटे करून ठेवले. बराच वेळ फडक्याने एक पाना पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

"रात्रीत दोन थेंब," शेवटी म्हणाले. "त्यानं इंजिनाला काय पण होत नाय. तेल मी भरून देतो."

गाडी खोटं बोलत नाही म्हणणारा हा माणूस तीन वर्षं एकुलतं एक खोटं बोलत होता, कारण 'ये गो, करमत नाय' हे चार शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हते. मी कुणाला बोलले नाही.

या दिवाळीनंतर नाना भिंतीपाशी आले. "मुक्ता जुनी गाडी काढते. लायटीवरची घेते. तेल नाय, आवाज नाय."

"चांगलंच की."

"चांगलंच."

पुढचे आठ दिवस वाईट गेले. एक गिऱ्हाईक 'टक्-टक्' करायला तोंड उघडून उभं राहिलं, तर नाना म्हणाले, "राहू द्या. बॉनेट उघडा." गिऱ्हाईक हिरमुसलं. बिचारं घरून सराव करून आलं असावं.

आणि दुसऱ्या शनिवारी मुक्ता आली. नानांना कळलंच नाही. ते पाठमोरे वाकून काम करत होते आणि गाडी आवाज न करता त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. त्यांनी वळून पाहिलं ते गाडीकडे नाही, पुलाच्या दिशेने. मग गाडीभोवती एक फेरी मारली. संध्याकाळी, सवयीने, खाली पुठ्ठा सरकवला.

सकाळी तो त्यांनी भिंतीवरून मला दाखवला. "बघा बाई. कोरा."

तेवढ्यात मुक्ता चहा घेऊन बाहेर आली. "नाना, डावीकडून आवाज येतो."

"यात आवाज नसतो गो."

"येतो. वरंध घाटात."

नानांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. फडकं खांद्यावर टाकलं. डोळे मिटले. "कसा?"

मुक्ताने कप भिंतीवर ठेवले. पुण्यात वीस माणसं जिच्या हाताखाली काम करतात, ती ओठांचा चंबू करून म्हणाली, "टुईं... टुईं... टुईं."

"चढावर का उतारावर?"

"चढावर."

"परत काढ."

तिने परत काढला, आणखी मोठ्याने. नाना मान तिरकी करून ऐकत होते. मग चटई अंथरून गाडीखाली शिरले, नुसते पाय बाहेर राहिले.

मुक्ता भिंतीशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, जुन्या गाडीचं ते पॅकिंग मला कॉलेजात असल्यापासून बदलता येतं."

चहाचा एक कप तिने माझ्यापुढे सरकवला, तो मी घेतला.

"मुक्ते," गाडीखालून आवाज आला, "हा आजार सोपा नाय गो. सापडायला दोन-तीन वर्षं तरी लागतील."

"लागू देत, नाना," मुक्ता म्हणाली आणि त्यांच्यासाठी दुसरा चहा टाकायला आत गेली.