दगड पॉलिश पितो तेव्हा

"उद्या माझा दगड बोलेल आणि साहेब गप्प बसतील!" भूशास्त्रज्ञ काकांनी जेवणाच्या सुट्टीत जाहीर करून टाकलं. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांच्या तेलविहिरीला टाळं लावायचं की नाही, हे उद्या ठरणार होतं, आणि दोन वर्षं त्या विहिरीपायी काकांनी रक्ताचं पाणी केलं होतं. विहिरीत सोडलेल्या यंत्राच्या नोंदी, म्हणजे लॉग, सांगत होत्या की खालच्या खडकात वीस टक्के छिद्रं आहेत. तेल राहतं ते त्याच छिद्रांत. आता त्या खडकाचे वर काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडलेले तुकडे साहेबांसमोर मोजले की फत्ते!

निघताना काकांनी सफाईच्या मावशींना बजावलं, "मावशी, उद्या मोठे साहेब येतायत. टेबलावरचं सगळं लखलखलं पाहिजे!"

"तुम्ही निर्धास्त जा!"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या बाईंनी पहिला तुकडा वायू भरून छिद्रं मोजणाऱ्या यंत्रात घातला. "तीन टक्के."

"तेवीस म्हणायचंय का तुम्हाला?"

"तीन! आत वायूच शिरत नाहीये."

"दुसरा घ्या!"

दुसरा निघाला दोन टक्के. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "मग करू या बंद?"

जुन्या लोकांची एक रीत काकांना आठवली. छिद्रांचा दगड ओल शोषतो, म्हणून जिभेला चिकटतो. त्यांनी तुकडा उचलला आणि सगळ्यांदेखत चाटला! साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

जीभ चिकटायची सोडाच, सर्रकन घसरली. वर तोंडाला कडू जहर चव!

"पॉलिश!" काका थुंकत ओरडले.

दारात मावशी फडकं घेऊन उभ्या होत्या. "कपाटाचंच हो, चांगल्यातलं! तीन हात दिले तेव्हा कुठे चमकले. मेले प्यायचे थांबेनात!" मग सगळ्यांची तोंडं बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "माझी नोकरी गेली का हो?"

"तुमची कसली जाते? माझी वाचली!" काकांचे डोळे भरून आले. "ऐकलंत साहेब? पीत होते! छिद्रं असल्याशिवाय दगड पितो का?"

साहेबांनी टोपण परत लावलं. तुकडे धुऊन, वाळवून पुन्हा मोजायला दोन दिवस गेले. आकडा आला एकोणीस! विहीर वाचली.

काका छाती फुगवून साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी सही केली आणि ते म्हणाले, "छान. आता पुढच्या विहिरीचे तुकडे निघाले की आधी मावशींकडे द्या. तुमचं चाटणं मला बघवत नाही."