सेतूरावांचं पोदुम

आमच्या गल्लीतले सेतूराव स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यावर दाणदाण दोनदा पाय आपटतात आणि मग कुलूप काढतात. घरात एकटा माणूस, दम कुणाला देतो? मला वाटायचं, चपलेची वाळू झाडत असतील. चेन्नईच्या या तिरुवल्लिकेणीत समुद्र जवळ, वाळू कुठंही घुसते. हे मी अख्ख्या गल्लीला पटवूनही दिलं होतं.

सेतूराव तंजावरकडचे मराठी. रेल्वेतून रिटायर होऊन आता कुत्र्यांच्या शोमध्ये जज. माणसाच्या तोंडाकडं बघतच नाहीत. मलाही चालीवरून ओळखतात.

"मागचा डावा पाय ओढतोस रे तू. स्टँडर्डमधे बसत नाहीस."

चौथीत मी दोनदा नापास झालो तेव्हा मास्तरांचंही हेच म्हणणं होतं, फक्त त्यांनी पायाचं नाव काढलं नव्हतं.

त्यांच्या एका शब्दाला सगळे टरकतात. पोदुम. तमिळमध्ये पुरे. रिंगमध्ये पोदुम म्हणाले की कुत्रा बाहेर, मालक कितीही मोठा असो. शोच्या आदल्या दिवशी एका साहेबानं घरी फणस पाठवला, तर दारातूनच फणसाला पोदुम.

मागच्या महिन्यात मैलापूरच्या एका मालकानं मला गाठलं. त्याचा वीरा राजापालयम जातीचा, पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा. त्याला धरून रिंगमध्ये पळायला माणूस पाहिजे होता. मी कँटीनमध्ये चपात्या लाटतो, पळायचं काम कधी मिळणार? लगेच हो म्हटलं.

मग मालक हळूच म्हणाला, "बहिरा आहे. जज मागून किल्ल्या वाजवतो. वाजल्या की पट्ट्याला झटका दे, मान वळवेल."

"आणि बाद झाला तर?"

"तर घरी कशाला नेऊ?"

वीरा माझ्या हाताचं पीठ चाटत होता. म्हटलं, आपण नापास झालो ते झालो, याला पास करायचंच.

रिंगमध्ये वीरा असा पळाला की लोक माझ्याकडंही बघायला लागले. सेतूरावांनी दात बघितले, छाती बघितली, मग मागं गेले. छन्न.

मी गर्रकन मागं वळून बघितलं. पट्टा हातात तसाच. वीरा समोरचा कावळा बघत होता.

"हँडलरचे कान उत्तम," सेतूराव म्हणाले. "कुत्रा पोदुम."

मालकानं पट्टा परत घेतलाच नाही. गाडीत बसला आणि गेला.

माझ्या खोलीत चौघंजण, कुत्रा ठेवणार कुठं? संध्याकाळी वीराला घेऊन सेतूरावांच्या दारात भांडायला उभा राहिलो. ते बाहेरून आले तसं झटक्यासकट सगळं ओकलो. "तुमच्या स्टँडर्डपायी हा रस्त्यावर आला," म्हटलं.

त्यांनी उंबऱ्यावर दोनदा पाय आपटला, दार उघडलं. आत एक म्हातारी पांढरी कुत्री दाराशी उभी, शेपटी हलवत. नाक गुलाबी.

"फरशी हलते. कोण आलं म्हणून तिला कळतं," सेतूराव म्हणाले. "न सांगता शिरलो तर दचकते. माझ्याच घरी जन्मली ही. किल्ल्या वाजवल्या, वळली नाही. शोला नेलीच नाही कधी."

"मी तर गल्लीभर सांगितलं, चपलेची वाळू..."

"पोदुम," म्हणाले, आणि वीराचा पट्टा माझ्या हातातून घेतला.

आता त्यांच्याकडं जाताना मीपण उंबऱ्यावर पाय आपटतो. मागचा डावा. दार उघडतं तेव्हा तिघंही दाराशी उभी असतात.