तिसऱ्या क्रमांकाचा गुप्तहेर आणि पिवळी बटणं

भावोजी स्वतःला जगातला तिसऱ्या क्रमांकाचा गुप्तहेर म्हणवून घेत. पहिले दोघे कोण, याचा तपास अजून चालू होता. घारीची नजर, पोलादी मेंदू आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधण्याची चिकाटी, एवढं भांडवल त्यांच्यापाशी होतं. पोटापाण्यासाठी ते विमा विकत. मेव्हणा त्यांचा सहायक. नेमताना त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी मेव्हण्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ताईच्या हाताचं प्लास्टर निघालं, पण बोटं आखडली होती. व्यायामासाठी आणलेला रबरी चेंडू तिने भावोजींच्या दिशेने फेकला, तेवढाच काय तो व्यायाम. दिवसभर ती भिंतीकडे बघत बसे, आणि ते त्याला बघवत नव्हतं. म्हणून त्याने दोघा भावंडांच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम माळ्यावरून काढला. तिचा कंट्रोलर उघडून नवं कवच घातलं, मोठी पिवळी बटणं बसवली, खाली मऊ रबर टाकलं, म्हणजे नुसत्या स्पर्शाने दाबली जावीत. सगळं झकास झालं. फक्त पडद्यावरचा गडी ढिम्म हलेना, आणि ताई डॉक्टरांकडून एवढ्यात परतणार होती.

"घातपात!" भावोजी आनंदाने म्हणाले. "बटणं विकणारा कसा दिसत होता?"

"झोपेत."

"सोंग होतं ते!"

मग ठशांसाठी त्यांनी कंट्रोलरवर पीठ भुरभुरलं. ठसे मिळाले, सगळे भावोजींचेच. त्यावरून गुन्हेगाराने त्यांचे हातमोजे वापरल्याचं सिद्ध झालं. मेव्हण्याने मुकाट्याने सगळं खोलून रबरातलं पीठ पुसलं, पुन्हा स्क्रू आवळले. गडी जागचा हलला नाही.

"आतलाच माणूस आहे," भावोजी कुजबुजले. "जुनी बटणं कुठायत? सुडाचं कारण त्यांनाच आहे."

"भावोजी, वायर बघू का एकदा?"

"मी बघितली. नीट घुसलेली आहे. उघडपणे घुसलेल्यावर गुप्तहेर कधी संशय घेत नाही."

तेवढ्यात ताई आली. टेबलावरचं पीठ, नवऱ्याच्या हातातलं भिंग आणि भावाचा रडवेला चेहरा तिने पाहिला. मग खाली वाकून वायर पाहिली.

"अरे, ही दोन नंबरच्या सॉकेटात आहे. एकटा खेळाडू एक नंबरवरून खेळतो."

मेव्हणा ओशाळला. "माझा हात आपोआप तिथेच जातो. लहानपणी एक नंबर कायम तुझा असायचा."

ताईने पिवळ्या बटणांवरून आखडलेलं बोट फिरवलं. एक बटण दबलं, हलकेच. मग दुसरं.

"राहू दे माझी दोनमध्येच," ती म्हणाली. "तुझा कंट्रोलर काढ आणि एकमध्ये लाव. दोघांचा गेम सुरू कर. आणि मुद्दाम हरलास तर याद राख."

मेव्हणा गेमच्या पेटीत कंट्रोलर शोधण्याच्या निमित्ताने बराच वेळ वाकून राहिला.

"शेवटी प्रकरण सुटलंच!" भावोजींनी भिंग खिशात ठेवलं आणि दोघांच्या मध्ये बैठक मारली. "मी कुठे लावू?"

"अहो, तुम्ही तिसऱ्या क्रमांकाचे ना?" ताई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "सॉकेटं दोनच आहेत. चहा टाका."