रादिवोयचा ट्रॅक्टर बंद का पडतो

ट्रॅक्टर बरोबर अठराव्या मिनिटाला बंद पडला. आधी त्याला धाप लागली, मग त्याने दोन आचके दिले आणि नांगर मातीत रुतवून तो शेताच्या मधोमध उभा राहिला. दोन दिवस तो हेच करत होता.

रादिवोय खाली उतरला. शेत त्याच्या बहिणीचं होतं आणि ट्रॅक्टर त्याचा. ही वाटणी वडिलांनी करून ठेवली होती. स्मिल्काने सारा जन्म याच घरात काढला, लग्न केलं नाही, म्हाताऱ्याची शेवटची सहा वर्षं औषधपाणी आणि अंथरूण एकटीने केलं. तिला जमीन मिळाली. रादिवोय नोवी साद शहरात शाळेत भूगोल शिकवायचा आणि सणाला गावी येऊन मटण खाऊन जायचा. त्याला ट्रॅक्टर मिळाला. वकिलाने कारण विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला होता म्हणे, "ट्रॅक्टर बाईमाणसाच्या नावावर कसा करायचा?" गेली बावीस वर्षं तो ट्रॅक्टर ती बाईच चालवत होती, हे त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं नसावं. आलं असेल, तर जास्तच वाईट.

निवृत्त झाल्यावर रादिवोय शरदात गावी आला आणि म्हणाला, "यंदा नांगरट मी करणार. तू आता आराम कर." मग त्याने पहिलं काम केलं ते ट्रॅक्टर रंगवण्याचं. चाकांपासून टपापर्यंत, बोल्ट-नट काही न सोडता, लालभडक. वडिलांच्या वेळी ट्रॅक्टरला रंग असा उरलाच नव्हता. पण तेव्हा तो चालायचा.

स्मिल्का ओले हात पुसत बांधावर आली.

"रादे, टाकीचं झाकण जरा सैल करून बघ."

"झाकण?"

"त्याला टाचणीएवढं भोक आहे. तिथून हवा आत जाते. ते बुजलं की टाकीतलं डिझेल खाली उतरत नाही. तू रंग दिलास ना, तेव्हा..."

"स्मिल्का, हे इंजिन आहे. लोणच्याची बरणी नाही."

एवढं बोलून त्याने किल्ली खिशात टाकली आणि जाणकार माणसं आणायला गेला.

जाणकार माणसं दोन मिळाली. तोदोरकाका बसडेपोत मेकॅनिक होते, आणि निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी खिशात पाना बाळगायचे. झार्को शेजारचा; त्याच्याकडे मळणीचं मोठं यंत्र होतं, त्यामुळे लहान यंत्रांबद्दल त्याला आपोआपच सगळं कळायचं. तोदोरकाकांनी बंद इंजिनाला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"पंप," ते म्हणाले. "पंप गेलाय."

"पंप कशाला जातोय! नोझल धरलंय," झार्को म्हणाला.

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी पंप खोलतोय."

"म्हणूनच तुमच्या बसगाड्या कायम रस्त्याच्या कडेला दिसायच्या."

पंप खोलला. तो धुवायला स्मिल्काचं केकचं पीठ मळायचं चांगलं भांडं नेलं. तासाभराने सगळं परत जोडून किल्ली फिरवली, तर ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात सुरू झाला.

"झालं!" तोदोरकाका ओरडले. "म्हटलं होतं ना!"

स्मिल्काला राकियाची, म्हणजे फळांच्या घरगुती दारूची बाटली आणायला सांगितलं. तिघांनी वडिलांच्या आत्म्यासाठी एकेक पेला घेतला, दुसरा पंपासाठी घेतला. तिसरा ओतत असतानाच अठरावं मिनिट भरलं आणि शेतात शांतता पसरली.

मग झार्कोची पाळी आली. नोझल काढलं, फुंकलं, घासलं, लावलं. तासभर उभं राहिल्यावर ट्रॅक्टर कसाही सुरू व्हायचाच. तेवढ्या वेळात टाकीत कुठून तरी थोडी हवा झिरपायची. पण हे बांधावर येऊन गेलेल्या एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस त्या वेळी तिघांसाठी बटाटे सोलायला गेलं होतं. झार्कोने सतरा मिनिटं आनंद साजरा केला.

तिसऱ्या दिवशी रादिवोयने मोबाइलवर वाचून स्वतःचा शोध लावला. डिझेलमध्ये पाणी आहे. सगळं डिझेल काढून अंगणात ओतलं आणि नवं भरलं. स्मिल्काच्या कोबीच्या दोन ओळी त्याच दुपारी माना टाकू लागल्या.

"आता हलेल बघ," रादिवोय म्हणाला.

हलला. अठरा मिनिटं हलला.

आभाळ तिसा नदीच्या बाजूने भरून यायला लागलं होतं. मित्रोवदानचा सण दहा दिवसांवर आला होता, आणि त्याच्या आत गहू जमिनीत गेला नाही तर पुढे सगळा चिखल. गावातले बाकीचे ट्रॅक्टर आपापल्या शेतात गुंतले होते. स्मिल्काने दोन घरी विचारून पाहिलं. "तुझ्या भावाचा ट्रॅक्टर आहे ना?" असं म्हणून दोन्हीकडे दार लागलं.

चौथ्या दिवशी दुपारी तिघे पुरुष टेबलाशी बसून राजम्याचं सूप खात होते. इंजिनच उतरवावं का, यावर बोलणं चाललं होतं. रादिवोयचा कोट खुर्चीवर होता. स्मिल्काने पाव ठेवला, कोटातून किल्ली घेतली, शिवणाच्या डब्यातली जाड सुई घेतली आणि बाहेर गेली.

झाकणावरच्या रंगात सुई खुपसली तेव्हा टाकीने फुस्स करून एक लांब श्वास घेतला. स्मिल्काला एकदम रडू आलं. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. नाक पुसून ती ट्रॅक्टरवर चढली.

टेबलाशी तिघांनी आवाज ऐकला. तोदोरकाकांनी घड्याळ काढलं. अठरा मिनिटं झाली. एकोणीस झाली. पंचविसाव्या मिनिटाला तिघे तोंड पुसत ओट्यावर आले.

"पंप बसायला वेळ लागतो," तोदोरकाका म्हणाले. "मी परवा घट्ट केला होता."

"नोझल मोकळं झालं," झार्को म्हणाला.

"आणि डिझेल कोणी बदललं?" रादिवोय म्हणाला. "बाबांचं काहीतरी उतरलंच असणार माझ्यात."

चालवतंय कोण, हे कोणी विचारलं नाही. उलट ट्रॅक्टर जवळून गेला तेव्हा झार्को ओरडला, "वळताना नांगर उचल गं!"

संध्याकाळी चिखलाने माखलेली स्मिल्का आत आली आणि म्हणाली, "झाकणाच्या भोकात रंग गेला होता."

"असेल, तेही असेल," तोदोरकाका मोठ्या मनाने म्हणाले. "पण मूळ दोष पंपाचाच."

दोन दिवसांत नांगरट झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी रादिवोय कॉफी पिताना म्हणाला, "शुक्रवारी ट्रक येतोय."

"कसला ट्रक?"

"नोवी सादला जुन्या यंत्रांचं संग्रहालय उघडतंय. बाबांचा ट्रॅक्टर त्यांना देतोय. चालू स्थितीत असेल तरच घेतात ते. पितळी पाटी लावणार आहेत, माझ्या नावाची."

स्मिल्काने कप खाली ठेवला. "आणि पेरणी?"

"पेरायचं काय, झार्को देईल पेरून. तुला आता कशाला हवीय ती धडधड?"

आपण तो दुरुस्त केला नसता तर तो याच अंगणात राहिला असता, हे तिला तेव्हा कळलं.

गुरुवारी रादिवोयने चिखल धुऊन ट्रॅक्टरला रंगाचा आणखी एक हात दिला. विशेषतः वरच्या बाजूला, जिथे पाहुण्यांची नजर पडते. ब्रश झाकणावरून दोनदा फिरला. स्मिल्का अंगणात उभी होती. तिने तोंड उघडलं.

"कॉफी ठेवतेस का जरा?" रादिवोय म्हणाला.

तिने कॉफी ठेवली.

रविवारी दुपारी फोन वाजला. मागे बँडचा आवाज होता, तोही मधेच थांबला.

"स्मिल्का! संग्रहालयाच्या मिरवणुकीत बंद पडला! महापौरांच्या पुढ्यात! रस्ता अडवून उभा आहे, मागे सगळी यंत्रं तुंबलीत. काय करू?"

"आजूबाजूला कोणी जाणकार नाही का?"

"अगं, सगळेच जाणकार आहेत इथे!"

"मग होईल," स्मिल्का म्हणाली आणि फोन ठेवून झार्कोच्या दारात पेरणीचं विचारायला तिसऱ्यांदा गेली.