आईच्या खोलीचं दार

मोजता येणार नाहीत अशा गोष्टी जगात फार थोड्या असतात. गवंडीकाम त्यांतलं नाही, याची मला पक्की खात्री होती. मी अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते.

दर्यापूरला एकटी राहणारी माझी आई ओट्यावरून पडली. ऑपरेशन करून पायात सळई बसवली. अकोल्याच्या दवाखान्यातून ती माझ्याकडे यायला तयार झाली, पण अट घालून. "माही खोली अलग पायजे. शनवारी सुटी झाली का येऊन पायतो. भिंती उभ्या दिसल्या तर रायतो, नाई तर आपलं दर्यापूर बरं."

अंगणात खोलीचं काम सुरू झालं. भिंती वाढेनात, गप्पा वाढत होत्या. पूर्वेच्या भिंतीवर पिंटू मिस्त्री, पश्चिमेच्या भिंतीवर सूर्यभान मिस्त्री. सोयाबीनच्या भावापासून पिंटूच्या साल्याच्या लग्नापर्यंत काहीही सुटत नसे. मी खोलीच्या मधोमध खुर्ची टाकली आणि हातात स्टॉपवॉच घेतलं. तोंड चालू तर वेळ वाया, असा नियम केला. दोघांचा चहासुद्धा वेगवेगळ्या वेळी ठेवला.

"बाई, तंबाकू मळतानी तरी बोलू द्या," सूर्यभान म्हणाला.

"तंबाखू हाताने मळतात."

त्याने चिमूट ओठात धरली आणि थापी उचलली.

शनिवारी सकाळी आईचा फोन आला. "दार सैपाकघराच्या बाजूनं ठेवजो. पडल्या पडल्या मानसं दिसली पायजेत."

स्वयंपाकघर पश्चिमेला, आणि दार सोडलं होतं पूर्वेला, पिंटूच्या भिंतीत. मी पिंटूला म्हटलं, "हे दार बुजवा. दार आता समोरच्या भिंतीत." सूर्यभानला हाक मारायला त्याने तोंड उघडलं. मी स्टॉपवॉच उचललं. त्याने तोंड मिटलं आणि वीट उचलली.

इतकं शांत काम मी कधी पाहिलं नव्हतं. दोघं बाहेर परांचीवर उभे राहून विटेवर वीट चढवत होते. माझी नजर त्यांच्या हातांवर होती. भिंतींकडे बघायचं काही कारण नव्हतं. ऊन खोलीत येईनासं झालं तेव्हा मी उठले. चारही भिंती माझ्या डोक्यावर गेल्या होत्या. खिडकी होती, पण तिला गज बसले होते. दार नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. वॉकर टेकत आई खिडकीपाशी आली.

"तारे, आत कावून बसली?"

"मोजत होते."

"अन् दार?"

मी पूर्वेच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"म्या बुजवलं," पिंटू म्हणाला. "बाईनंच सांगतलं. दार आता सूर्यभानच्या भिंतीत ठेवाचं होतं."

"मले कोनं सांगतलं?" सूर्यभान म्हणाला.

"सांगू कसा? घडी चालू होती ना."

आई ऑटोकडे वळली. गजांमधून मला तिची पाठ दिसत होती, आणि तिच्यापुढे दर्यापूरचा रस्ता.

"सामान उतरव रे बापू," ती ऑटोवाल्याला म्हणाली. "हिच्यावर ध्यान ठेवाले कोनी तरी पायजेच."

मग ती खुर्ची मागवून पश्चिमेच्या भिंतीसमोर बसली. "तिथून नको फोडू, जरासं इकडं. शेगडी दिसली पायजे." तिघं एकदम बोलत होते. ओली भिंत भराभर निघत होती. मी आत होते, त्यामुळे कोणाला गप्प बसा म्हणायची सोय नव्हती.

आता आई त्या खोलीत राहते. दार बरोबर शेगडीसमोर आहे. पायाच्या व्यायामाला लागतं म्हणून स्टॉपवॉच तिने मागून घेतलं. काल मी स्वयंपाकघरात फोनवर बोलत होते आणि चहाला जरा उशीर झाला. पलंगावरून आवाज आला, "तारे, तोंड चालू हाय का तुहं?"

मी फोन ठेवला.