कासविणीची कपार आणि सर्वांना समान न्याय

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती, आणि ती भर दुपारी सुटायची. का सुटायची, हे विचारू नका. पूर्वीपासून सुटत होती, एवढे कारण जंगलात पुरते.

त्या जंगलात गोदू नावाची एक मुंगशीण राहायची. नवरा नागाशी झालेल्या भांडणात गेलेला. पदरी एक मुलगी, चिंगी. गोदू सकाळी मुलीला शाळेत सोडायची आणि किडे शोधायला नदीपलीकडच्या माळावर जायची. परतायला संध्याकाळ व्हायची. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत चिंगीने राहायचे कुठे? दुपारी आभाळात घार फिरायची, आणि घारीला सुट्टी नसते.

ओढ्याकाठी एक म्हातारी कासवीण राहायची. तिच्या शेजारी खडकात एक कपार होती. ती गोदूला म्हणाली, "पोरीला माझ्याकडे धाडत जा. मला तरी कुठे जायची घाई आहे?"

चिंगी जाऊ लागली. मग सशिणीचा लंबू आला. तित्तराची पिल्ले आली. पोरे आत खेळायची आणि कासवीण आजी तोंडाशी धोंड्यासारखी बसून राहायची. घार वरून बघायची आणि निघून जायची. गोदूला माळावर पोटभर किडे सापडू लागले, कारण आता तिचे डोळे आभाळाकडे नसत, जमिनीकडे असत.

इतके सुरळीत चालले की कोणाला तरी वाईट वाटतेच. वानरीणबाईंना वाटले. त्यांचे मूल दिवसभर त्यांच्याच पोटाला चिकटलेले असे. त्या शाळा समितीकडे गेल्या.

"आमच्या मुलाला कपार का नाही?"

"तुम्हाला हवी आहे का?" अध्यक्ष हत्तीने विचारले.

"नको. पण का नाही?"

प्रश्न बिनतोड होता. समितीची बैठक भरली.

हत्ती म्हणाला, माझे पिल्लू कपारीत मावत नाही, म्हणजे कपारीची रचनाच पक्षपाती आहे. वटवाघळे म्हणाली, आमची मुले दुपारी झोपतात, त्यांचे काय? माशांनी कळवले की कपार कोरडी आहे. सचिव कोल्हेसाहेबांच्या घरी पिल्ले सांभाळायला आत्या होती, मावशी होती आणि एक पगारी बगळीणही होती. ते समानतेवर गहिवरून बोलले.

गोदू भीत भीत उभी राहिली. "अहो, मोठी जागा शोधा. सांभाळणारे आणखी कुणी बघा. पण तोवर आहे ते चालू द्या."

"तोवर?" कोल्हा म्हणाला. "गोदूबाई, अन्याय तोवर चालू ठेवायचा?"

"अन्याय कुणावर होतोय?"

"ज्यांना मिळत नाही त्यांच्यावर."

"त्यांना नकोच आहे की."

"तो त्यांचा मोठेपणा. तुम्ही त्याचा गैरफायदा घेऊ नये."

टाळ्या पडल्या. ठरले असे, की सर्वांना मिळेपर्यंत कोणालाच नाही. हत्तीने स्वतः सोंडेने शिळा लोटून कपार बंद केली. कासवीण आजीला फुलांची माळ घालून सांगितले, "आता विश्रांती घ्या."

"मी दमले कुठे होते?" आजी म्हणाली. तोवर समिती फराळाला बसली होती.

दुसऱ्याच दिवशी गोदू माळावरून परतली, तर चिंगी करवंदीच्या जाळीत घुसून बसलेली. अंगभर ओरखडे. बाहेर येईना, बोलेना. जाळीबाहेर सशीण लंबूला हाका मारीत होती. लंबू जाळीपर्यंत पोचलाच नव्हता.

समितीने शोकसभा भरवून उभ्याने श्रद्धांजली वाहिली. वानरीणबाई आपल्या मुलाला आणखी घट्ट धरून रडल्या.

"हे दुःख आपल्या सर्वांचे आहे," हत्ती म्हणाला.

"नाही," गोदू सशिणीकडे बोट दाखवून म्हणाली. "हिचं एकटीचं आहे. ते वाटून घ्यायला कुणी समिती नेमली नाही."

कोल्ह्याने घसा खाकरला आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय कुंपणाच्या रंगाचा होता.

सशीण जंगल सोडून गेली. तित्तरांनीही घर हलवले. गोदू चिंगीला रोज माळावर नेऊ लागली. दिवसभर घरी कोणी नसलेले एकही मूल शाळेत उरले नाही. तेव्हा समितीने जाहीर केले, की दुपारचा प्रश्न कायमचा सुटला आहे. शेजारच्या जंगलांतून शिष्टमंडळे हा चमत्कार बघायला आली.

माळावर कधी वाऱ्याबरोबर शाळेतली कविता ऐकू यायची. चिंगी थांबायची, ओठ हलवायची. पुढची ओळ तिला यायची नाही. गोदू म्हणायची, "किडा बघ, बाळा. पळेल."

तात्पर्य : मुलांनो, सावली सर्वांना पुरत नसेल तर झाड तोडून टाकावे. ऊन सर्वांना सारखेच मिळते. आणि ज्यांच्याकडे छत्र्या आहेत, त्यांना ते न्याय्यही वाटते.