बबननानांचा मोठा जेट

आमच्या बिरवाडीच्या आळीत रविवारी सकाळी नऊ ते अकरा कुकरची शिट्टी वाजवायला बंदी आहे. सरकारची नव्हे, बबननानांची. त्या वेळात नाना दारातल्या गाडीचं बॉनेट उघडून, डोळे मिटून कार्बोरेटर ऐकत असतात. शिट्टी झालीच तर स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट आमच्या खिडकीशी हजर. "वहिनी, भात जरा मागनं शिजवा. इंजिन बोलतंय माझं."

आणि आमची ही मुकाट्याने गॅस बंद करते! हेच मी म्हटलं असतं तर कुकर माझ्या डोक्यात बसला असता.

नाना मूळचे कापडे गावचे. कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीवर जातात, भांडतात, सुखी होतात. ह्यांनी भंगारातून पेट्रोलची जुनी गाडी उचलली, ड्रॅग रेससाठी. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ रस्त्यावर चारशे मीटर जीव खाऊन पळवायच्या. कुठे जायचं असतं म्हणून नव्हे, उगीच. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीट काढून नानांनी ओटीवर ठेवली. पाहुण्यांना तिच्यावरच बसवतात.

कार्बोरेटर इंजिनाला पेट्रोल आणि हवा कालवून भरवतो. इंजिन अडखळलं की नाना म्हणणार, "उपाशी हाय." काळा धूर आला की, "अजीर्ण झालंय." मग स्क्रू पाव आटा पिळायचा, ऐकायचं, परत सोडायचा. तीन वर्षं हेच चाललंय.

"नाना, एवढ्या वेळात माणूस डॉक्टर होतो," मी एकदा म्हटलं.

"डॉक्टराला नळी लागते भाऊ. मला नाय लागत."

गाडी चालवायची ती त्यांच्या वैशालीने. पोरगी कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. ती तिसरीत असताना आई गेली, तेव्हापासून घरात बापलेक दोघंच.

यंदा रेस घाटावर, एका पठारावर होती. गाडी टेम्पोत बांधली, आणि फुकटचा तमाशा म्हणून मीही टेम्पोत चढलो. वाटभर नानांचं कीर्तन. "घाट चढला की हवा पातळ. हवा कमी, तर पेट्रोल कमी. जेट बारीक घालायचा." जेट म्हणजे कार्बोरेटरातला सुईएवढ्या भोकाचा पितळी तुकडा, त्यातून पेट्रोल येतं. वरंध गाव येईपर्यंत हे माझं तोंडपाठ झालं होतं.

वर पोचून नानांनी बारीक जेट घातला. चाचणीत गाडी अशी सुटली की भोवतालची पोरं मोबाइल काढून धावली. नाना मिशीला पीळ देत उभे.

वैशालीच्या आधीच्या फेरीत एक गाडी घसरली आणि उलटली. चालवणारा लंगडत बाहेर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी टाळी वाजवली नाही. "जेट बदलतो," म्हणाले आणि बॉनेट उघडलं.

मग वैशालीची गाडी निघाली ती काळा धूर ओकत. शेजारच्या गाडीवाला पोचून हेल्मेट काढत होता, तेव्हा आमची निम्म्यात होती. लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? आणि परत आल्यावर आळीभर सांगत सुटलो, "घाटावर मोठा जेट! तीन वर्षं काय ऐकत होते देव जाणे!" नाना खाली मान घालून ऐकून घेत.

चार दिवसांनी वैशाली कंपनीतून येताना दिसली. म्हटलं, "पुढच्या खेपेला जेट मी घालून देतो गो."

ती थांबली. "काका, नाना चुकले नायत. ती गाडी उलटली म्हणून मोठा घातला. मी जोरात जाऊ नये म्हणून."

"तुला कधी कळलं?"

"इंजिन चालू केल्याबरोबर. त्यांचीच पोरगी हाय ना मी."

"अगं मग थांबायचं! बदलून घ्यायचा! जिंकली असतीस."

"जिंकले असते." तिचे डोळे भरले. "पण जेट बसवताना तो त्यांच्या हातातनं दोनदा खाली पडला. माझ्याशिवाय कोण हाय काका त्यांना? आता रोज मला सांगतात, पोरी, माझा कान गेला, माझ्यामुळं हरलीस. मी पण म्हणते, होतं असं."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. म्हटलं, "मी आजपासून एक शब्द बोलणार नाही."

"नको काका! एकदम गप्प झालात तर त्यांना कळेल, मला माहीत हाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी नाना ओटीवर बसले होते. वैशाली दारातच होती. मी कसाबसा आवाज चढवला, "काय नाना, कान गेले म्हणे कामातून!"

नानांनी पटकन लेकीकडे पाहिलं. "गेले रे बाबा, पार गेले," म्हणाले, आणि त्यांना एवढं हायसं वाटलेलं दिसलं की उरलेली थट्टा गिळून मी ओटीवरच्या त्या सीटवर जाऊन टेकलो.